बरणीतलं निळं पाणी

बरणीत हात घालू नकोस असं मी म्हणेपर्यंत राजूआत्यानं बरणी कलती करून तळाशी बोटं फिरवलीसुद्धा. मग हात झटकन बाहेर काढून शेजारच्या बादलीत बुडवला, पदराला पुसला, पुन्हा एकदा बरणीत डोकावली आणि माझ्याकडं न बघताच म्हणाली, "तिशा, घुंगरं न्हाईत गं."

मला हसू आलं. घुंगरं जाणार कुठं? त्यांना स्वतःचे पाय थोडेच असतात, ती दुसऱ्यांच्या पायांसाठी केलेली. असलं काहीतरी मी बोलणारही होते, पण आत्याचा चेहरा बघितला आणि गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे प्रकरण साधं नव्हतं हे समजून घ्या.

आता मी अकरावीला आहे, सायन्सला. कॉलेजात वादविवादाला मला उभं करतात आणि खाली बसवायला घंटा वाजवावी लागते. पण ही गोष्ट घडली तेव्हा मी आठवीत होते आणि घरात माझं बोलणं रेडिओसारखं होतं. चालू असायचं, ऐकत कुणी नसायचं.

आमचं गाव हुपरी. इथं कोंबड्याच्या आधी हातोडी वाजते. निम्म्या गावात चांदीचं काम चालतं आणि आमच्यातही पिढ्यान्‌पिढ्या पैंजणंच होतात. घराच्या मागं कारखाना, कारखाना म्हणजे पत्र्याची लांबट खोली. तिथं माझे वडील आप्पा आणि त्यांचा धाकटा भाऊ धनपालकाका साखळीचं काम करायचे आणि घुंगरांचं सगळं काम राजूआत्याकडं. आत्या म्हणजे या दोघांची धाकटी बहीण, आप्पांना दादा आणि काकाला अण्णा म्हणणारी. पूर्ण नाव राजमती. निपाणीकडं दिली होती. नवऱ्याच्या हाताला काही धरबंध नव्हता, तेव्हा एक दिवस ती नेसत्या साडीनिशी माहेरी आली आणि आप्पांनी तिला ठेवून घेतली. काका त्या वेळी काही बोलला नाही. पण तो काही बोलला नाही हे सगळ्यांच्या लक्षात राहिलं.

आत्या माझ्या खोलीत झोपायची. माझी वेणी तीच घालायची, माझी बडबड तीच ऐकायची.

तर ती घुंगरं. घुंगराला डाख दिला, म्हणजे त्याचा सांधा वितळवून जोडला, की आगीनं ते काळं पडतं, अगदी तव्याच्या बुडासारखं. मग ते उजळायला टाकायचं. चिनी मातीच्या मोठ्या बरणीत कोमट पाणी, त्यात गंधकाचं ॲसिड बेतानं, त्यात घुंगरं. संध्याकाळी टाकली की सकाळी पांढरीशुभ्र बाहेर काढायची. पाणी तेवढं निळसर होतं, कारण चांदीत मिसळलेलं थोडं तांबं त्यात उतरतं. ॲसिडच्या कॅनला हात लावायचा तो फक्त आप्पांनी नाहीतर काकानं. बायकांनी आणि पोरांनी लावायचा नाही, हा आजोबांच्या वेळेपासूनचा नेम. आदल्या संध्याकाळी आप्पांनी बरणी भरली होती, आत्यानं त्यात दोन ओंजळी घुंगरं सोडली होती, वर फडकं बांधलं होतं, आणि खोलीला कुलूप लावून किल्ली आपल्या कमरेला खोवली होती.

आणि आता बरणीत नुसतं निळं पाणी.

काका आला. त्यानं बरणीतलं सगळं पाणी फडक्यातून दुसऱ्या बरणीत गाळलं. फडक्यावर काही आलं नाही. तळाशी बोटाला लागेल न लागेल एवढा पांढरट गाळ; मग त्यानं पाणी पुन्हा पहिल्या बरणीत ओतलं. मग आप्पा आले. मग आई आली. सगळ्यांनी जमीन बघितली, चटई उचलली, भट्टीची राख चाळली. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. आत्या एकदा खोकली आणि म्हणाली, आज वास उग्र मारतोय. काका म्हणाला, ॲसिडच्या खोलीत काय अत्तराचा वास येणार काय.

तुम्हांला वाटेल, हरवली असतील, सापडतील. पण आमच्याकडं चांदी हरवत नाही. हे हुपरीच्या बाहेरच्या माणसाला कळायला अवघड जातं. आम्ही कारखान्याचा केर टाकत नाही, साठवतो. बसायची चटई फाटली की फेकत नाही, जाळून तिची राख ठेवतो. कामावरून उठल्यावर हात धुतो ते पाणीसुद्धा मागच्या हौदात जातं. हौदात ते रात्रभर निवळतं, चांदीचा कण न् कण खाली बसतो, मग सकाळी बोळा काढून वरचं स्वच्छ पाणी गटारात सोडायचं आणि गाळ ठेवायचा. चांदी जड आहे. ती खाली बसते. आमच्या घरात लहान पोराला अ आ ई यायच्या आधी हे येतं. कामात झिजून तोलात थोडं कमी भरतं, त्याला घट म्हणतात आणि ती हिशेबात धरतात. पण ओंजळीनं चांदी दिसेनाशी झाली तर त्याचा अर्थ एकच. कुणीतरी नेली.

ते वाक्य कुणी उच्चारलं नाही. काका एवढंच म्हणाला, "राजू, नीट आठवून बघ. टाकली होतीस न्हवं?"

"टाकली होती, अण्णा."

"किल्ली कुणाकडं होती?"

आत्यानं कमरेची किल्ली काढून त्याच्या पुढ्यात ठेवली. त्यानं ती उचलली नाही. आप्पा भिंतीकडं बघत होते. मी आप्पांकडं बघत होते. ते काहीतरी बोलतील म्हणून मी बघत राहिले. मग आईनं मला ढकललं, की शनिवारची सकाळची शाळा आहे, निघ.

शाळेत माझं चित्त नव्हतं, हे मलाच नवीन होतं. त्या आठवड्यात मला मगदूम मॅडमनी एक खूळ लावून दिलं होतं. मॅडम आम्हांला द्रव्याचं वर्गीकरण शिकवत होत्या. मूलद्रव्य, संयुग, मिश्रण. आणि मिश्रणात पुन्हा समांगी न् विषमांगी. झालं. मी दिसेल त्या वस्तूला पकडून तिच्या खोलीत कोंबत सुटले होते. आमटी विषमांगी, डाळ खाली बसते. साखरेचं पाणी समांगी. तांब्याची तार मूलद्रव्य. जेवताना मी ताकाचं वर्गीकरण करायला लागले तेव्हा आई म्हणाली होती, पी आधी, मग पोटात काय करायचं ते कर. आत्या मात्र मला प्रश्न विचारायची. माती? घाम? आपलं पैंजण? पैंजण विषमांगी, मी ठोकून दिलं होतं, चांदी न् तांबं दोन आहेत. दुसऱ्या दिवशी मॅडमनी सांगितलं, नाही, ते समांगी, एकदा वितळून एक झाल्यावर वेगळं काढून दाखव बघू. हे मी घरी येऊन सांगितल्यावर आत्या कितीतरी वेळ हसत होती.

त्या शनिवारी मॅडम फळ्यावर लिहीत होत्या आणि मागच्या बाकावर खुसखूस चालली होती. मॅडमच्या उजव्या हाताच्या बोटांना काळे डाग पडले होते. गुरुवारपासून होते. मॅडम हिरवी वांगी चिरून येतात, असं कुणीतरी पसरवलं होतं. एरवी त्यात मीही भर घातली असती. त्या दिवशी नुसती बघत बसले आणि घंटा झाल्यावर पळत घर गाठलं.

अंगणात आत्या उन्हात पायरीवर बसली होती. शेजारी कापडी पिशवी होती, तोंडाला गाठ मारलेली. ती माझ्याकडं बघून हसली, आणि ते हसणं बघून मला रडू यायला लागलं.

आईकडून स्वयंपाकघरात कळलं ते असं. काकानं निपाणीला फोन केला होता. आत्याच्या थोरल्या दिराला म्हणाला होता, राजूला घेऊन जावा, बरेच दिवस झाले. दीर संध्याकाळी गाडी घेऊन येणार होता. आप्पांनी विचारलं, एवढी घाई कशाला. काका म्हणाला, दादा, मी तिला चोर म्हटलं काय? न्हाई म्हटलं. पण उद्यापासून या खोलीत मी तिच्याशेजारी बसून काम करू शकणार न्हाई. तू सांग, घुंगरं कुठं गेली? आप्पांनी हातातली साखळी खाली ठेवली. मग ते उठून गेले. आई हे सांगताना कणीक इतक्या जोरात मळत होती की परात सरकत होती.

"आणि आत्या काय म्हणाली?"

"काय म्हणणार? पिशवी भरली. सकाळधरनं पाणीसुद्धा प्याली न्हाई."

मी बाहेर जाऊन आत्याशेजारी बसले. तिला म्हटलं, जाऊ नकोस. ती म्हणाली, "तिथं मार होता. इथं हे आलं. मार परवडला बघ, तो दिसतो तरी." आणि तिनं माझ्या विस्कटलेल्या वेणीला हात घातला.

तेव्हा मला तिची बोटं दिसली.

उजव्या हाताची चारही बोटं काळी पडली होती. मळल्यासारखी नाही. आतून काळी, करपल्यासारखी, नखांच्या कडेला तर अगदी गडद. मी तिचा हात धरला आणि चोळला. डाग जाईना.

"हे कधी झालं?"

"काय ठावं. सकाळी न्हवतं. हितं उन्हात बसल्यापासनं वाढायलंय. साबणानं धुतलं, रिठ्यानं धुतलं. मघाशी अण्णानं बघितलं तर म्हणाला, देव दाखवतो बघ. असू दे आता."

मी तिचा हात तसाच धरून बसले. मला दुसरा हात दिसत होता. मगदूम मॅडमचा. तेच डाग, तोच रंग.

गुरुवारी मॅडमनी एक तपकिरी बाटली वर्गात आणली होती. त्यातलं थोडं परीक्षानळीत ओतून विचारलं होतं, यात काय आहे? आम्ही सगळे म्हणालो, पाणी. मॅडम म्हणाल्या, यात चांदी आहे. वर्ग हसला. आणि मी, मीच, उभी राहून म्हणाले होते, "मॅडम, चांदी असती तर खाली बसली असती. आमच्या हौदात बसते." सगळ्या वर्गानं बाकं बडवली होती, कारण ते सगळे हुपरीचे, सगळ्यांच्या घरी हौद. मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, तुमच्या हौदात चांदीचा चुरा असतो, ते विषमांगी मिश्रण, म्हणून बसतो. इथं चांदी ॲसिडनं खाल्लेली आहे, ती पाण्यात विरघळून पाण्यासारखीच झाली आहे. हे द्रावण. समांगी. हे वर्षभर ठेवलं तरी काही खाली बसणार नाही, आणि कितीही बारीक फडक्यातून गाळलंत तरी सगळं पलीकडं जाईल. मग त्यांनी त्यात मिठाच्या पाण्याचा थेंब टाकला होता. तो थेंब पडला तिथं दूध नासल्यासारखं पांढरं झालं होतं. आणि बाटली बंद करताना त्यांच्या बोटांना ते पाणी लागलं होतं. मॅडम म्हणाल्या होत्या, आता बघा, ऊन लागलं की हे काळं होणार आणि आठवडाभर जाणार नाही.

मी उठले. अंगणातून कारखान्यापर्यंतचं अंतर ते केवढं, पण चपला घालायलाही मी थांबले नाही. कारण मला आत काका दिसत होता. त्यानं नवीन काळी घुंगरं थाळीत काढून ठेवली होती. त्याला बरणी रिकामी हवी होती. त्यानं निळ्या पाण्याची बरणी दोन्ही हातांनी उचलली होती आणि तो मागच्या गटाराकडं निघाला होता.

"काका, ते ओतू नको."

तो थांबला नाही. मी रेडिओच होते ना. मी पळत जाऊन गटाराच्या तोंडावर उभी राहिले, दोन्ही पाय फाकून. खाली ठेव म्हणाले. तो म्हणाला, ॲसिड हाय, अंगावर उडंल, सरक. मी म्हटलं, उडू दे. हे मी असं म्हणेन हे मलाही माहीत नव्हतं. मग मी ओरडून आप्पांना हाक मारली, आणि तो आवाज शेजारच्या दोन कारखान्यांत गेला असणार, कारण तिथल्या हातोड्या थांबल्या.

आप्पा आले. मागून आई, पिठाच्या हातांनी. आत्या दारापर्यंत येऊन तिथंच थांबली.

"आप्पा, घुंगरं या पाण्यात आहेत," मी म्हणाले.

काकानं बरणी खाली ठेवली आणि हसला. ते हसणं मला अजून आठवतं, त्यात खरोखर कीव होती. म्हणाला, सकाळी चौघांनी बघितलंय पाण्यात, गाळून बघितलंय. मी म्हटलं, बघून दिसणार नाहीत, गाळून येणार नाहीत, ती विरघळली आहेत. साखर विरघळल्यावर कुठं दिसते?

"तिशा, चांदी काय साखर हाय? गंधक चांदीला हात लावत न्हाई. तेजाब लावलं तर खातं. तुझ्या बाईंनी तेवढं शिकवलं न्हाई काय?"

"मग तेजाब असेल." तेजाब म्हणजे आमच्याकडं नायट्रिक ॲसिड, चांदी गाळायला वापरतात ते.

"ही बरणी दादानं भरल्याली हाय," काका म्हणाला.

आणि सगळे आप्पांकडं वळले. कारण आता प्रश्न चांदीचा उरला नव्हता. मी काय म्हणत होते ते सगळ्यांना कळलं, मला सगळ्यांत शेवटी कळलं. ॲसिडला आत्यानं हात लावलेला नव्हता, ती लावूच शकत नव्हती. त्यात काही चुकलं असलं तर ते चुकवणारा माणूस एकच होता, आणि तो माझ्यासमोर उभा होता. आप्पांची कामात चूक निघाल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. गावातही कुणी ऐकलं नव्हतं. लोक आपला डाख घेऊन त्यांना दाखवायला यायचे.

आप्पा म्हणाले, "मी गंधकच ओतलंय."

"आप्पा, मीठ घालून बघूया. फक्त मीठ."

"आत जा."

मी आत गेले नाही. ऊन भिंतीवरून वर सरकलेलं होतं. आम्ही जैन, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची, आणि त्याच वेळेला निपाणीची गाडी यायची होती. एवढाच वेळ उरला होता. तेव्हा आई, जी कारखान्यात कधी एक शब्द बोलत नसे, पदरानं हात पुसत म्हणाली, "बघू द्या की. मीठच घालतीया, विष न्हवं."

तिनं आत जाऊन काचेचे दोन पेले आणले, आणि वाटीत मीठ कालवलेलं पाणी.

मी आप्पांना म्हटलं, कॅनला न् बरणीला मी हात लावणार नाही, नेम आहे. तुम्हीच ओता. एका पेल्यात या बरणीतलं, आणि दुसऱ्यात त्या जुन्या बरणीतलं. कोपऱ्यात मागच्या आठवड्याची बरणी होती, तिच्यातून आत्यानं घुंगरं नीट काढली होती, पाणी तसंच राहिलं होतं. आप्पांनी बाह्या वर सारल्या. मग खाली बसले आणि दोन्ही पेले भरले. दोन्हीत निळसर पाणी. शेजारी शेजारी ठेवल्यावर कुठलं कुठलं ते ओळखू आलं नसतं.

आधी मी जुन्या पाण्याच्या पेल्यात चमचाभर मिठाचं पाणी सोडलं.

काही झालं नाही. निळं पाणी निळंच राहिलं.

"झालं समाधान?" काका म्हणाला आणि पुन्हा बरणीला हात घालायला वाकला. दारातून आत्याचा आवाज आला, इतका हळू की मी आधी ओळखला नाही. "अण्णा, थांब. दुसरा हाय अजून."

मी चमचा भरला. घाईत निम्मं बाहेर सांडलं. उरलेलं दुसऱ्या पेल्यात पडलं.

पडलं आणि पांढरं झालं. आधी एक ढग, मग त्या ढगाच्या कवड्या, नासलेल्या दुधाच्या असतात तशा, घट्ट आणि जड, आणि त्या कवड्या आमच्या डोळ्यांसमोर हलत हलत खाली जायला लागल्या. पेल्याच्या तळाशी जाऊन बसल्या. मी आणखी एक चमचा घातला. आणखी पांढरं. काकानं वाटी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः ओतलं. आणखी पांढरं.

आप्पांनी पेला उचलून उजेडात धरला. पेला खाली ठेवून ते ॲसिडच्या कोपऱ्यात गेले. तिथं पांढरा कॅन होता, नेहमीच्या जागी. आमच्याकडं कॅनवर काही लिहिलेलं नसतं, कॅन जागेवरून ओळखायचा, कोपऱ्यातला म्हणजे गंधकाचा. आप्पांनी त्याचं झाकण फिरवलं, वास घेतला आणि तोंड बाजूला केलं. मग त्या कॅनच्या मागं हात घालून दुसरा पांढरा कॅन ओढून काढला.

"धनपाल," ते म्हणाले, "हे काय?"

काका बघत राहिला. त्याचा चेहरा असा झाला की मला त्याच्याकडं बघवेना. हौदातल्या गाळातून चांदी काढायला तो दरवेळी बाहेर गाळणाऱ्याकडं देण्याऐवजी या वेळी घरीच करून बघू, म्हणून त्यानं परवा तेजाबाचा कॅन आणला होता. आणि ठेवायला जागा नाही म्हणून गंधकाचा मागं सरकवून तो पुढं ठेवला होता. जेवताना सांगितलं होतं म्हणे. आप्पांनी ऐकलं असेल नसेल.

"मी ठेवला," काका म्हणाला.

"आणि मी ओतला," आप्पा म्हणाले. ते तिथंच कॅनजवळ खाली बसले. "दिवे लागणीची वेळ होती. वास आला मला जरासा. वाटलं, नवीन माल हाय, असंल. राजूनं सकाळी सांगितलं वास येतोय. तेव्हाबी मी ऐकलं न्हाई."

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला.

आई दचकली. काका आप्पांकडं बघायला लागला, आप्पा उठायला लागले. पण आत्या मध्ये आली. सकाळपासून पहिल्यांदा ती त्या खोलीच्या आत आली. तिनं आप्पांना हातानंच बसा म्हटलं.

"अण्णा, फोन तू केलास. आता दारात तूच जा."

"काय सांगू?"

"काय झालं ते सांग. माझं नाव घेऊन सांग."

काका गेला. आम्ही सगळे आत उभे होतो, कुणी कुणाकडं बघत नव्हतं. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं. दिराचा मोठा आवाज, मध्येच गाडी बंद केल्याचा. मग काकाचा आवाज, मोठा करायचा म्हणून मोठा केलेला, "राजमतीकडं काही न्हाई. चूक माझी न् दादाची. ती कुठं येत न्हाई." दीर काहीतरी म्हणाला, एवढ्या लांब बोलावून आता हे, असलं काहीतरी. "व्हय," काका म्हणाला. "बोलावलं मीच. माफ करा." गाडी पुन्हा सुरू झाली आणि आवाज रस्त्याला लागला.

तोवर दिवस मावळला होता. आईनं भाकऱ्या केलेल्या होत्या, आमटी झालेली होती, ताटं वाढायची तेवढी राहिली होती. त्या रात्री आमच्या घरी कुणीच जेवलं नाही. आत्या तर सकाळपासून उपाशी. आईनं अन्न झाकून ठेवलं. मला भूक लागली होती, खोटं कशाला बोलू, पण बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी सूर्य वर आल्यावर आईनं पहिलं ताट आत्याला वाढलं. आप्पा तिच्यासमोर बसून राहिले, तिचा शेवटचा घास होईपर्यंत. मग त्यांनी कारखान्यात जाऊन बरणीत तांब्याची एक जाड पट्टी सोडली. मला म्हणाले, बघ, हे मी लहानपणी एका गाळणाऱ्याकडं बघितलं होतं. दुपारपर्यंत त्या पट्टीवर करड्या रंगाची लव उगवली, मांजराच्या अंगावर असते तशी, आणि झडून तळाशी साचायला लागली. पाणी निळं, अजून निळं होत गेलं. ती करडी लव आप्पांनी धुतली, वाळवली, मुशीत घालून वितळवली. बाहेर पडला तो चांदीचा पांढरा गोळा. मी तोंड उघडून मूलद्रव्य असं म्हणणार होते. आत्यानं माझ्याकडं बघितलं, तेव्हा तो शब्द गिळला.

आप्पांनी गोळा फडक्यात घेतला, निववला, आणि आत्यापुढं धरला. "राजू, हे तुझं घे. तुला काय करायचं ते कर. बांगडी कर, मोड."

आत्यानं हात पुढं केला नाही. तिची चार बोटं अजून काळीच होती.

"मला नको, दादा. याची घुंगरं करायची हायत, गिऱ्हाईक थांबलंय. आधी तोला. सगळ्यांसमोर तोला, मग माझ्याकडं द्या."

काकानं तराजू काढला. आपल्या हातानं गोळा पारड्यात ठेवला. काटा घुंगरांच्या लिहून ठेवलेल्या वजनाच्या थोडा अलीकडंच थांबला. मिसळलेलं तांबं पाण्यातच राहिलं होतं, थोडी चांदी पेल्यात गेली होती मिठाबरोबर, थोडी फडक्यात, थोडी आत्याच्या बोटांत. सगळे काट्याकडं बघत होते आणि मग सगळे काकाकडं बघायला लागले.

काकानं गोळा उचलला.

"घट धरायचीच की," तो म्हणाला, आणि गोळा तिच्या काळ्या बोटांत ठेवला.